धुलाई यंत्रातील तपमान संवेदक : दोषाचा शोध कसा घ्यावा?

घरकामाचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांमध्ये धुलाई यंत्राने, म्हणजेच वॉशिंग मशीनने, आपले स्थान पक्के केले आहे. हे यंत्र आता केवळ मोठ्या शहरांतील सदनिकांपुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या गावांतील घरांत, वसतिगृहांत आणि लहानमोठ्या रुग्णालयांतही ते दिसते. त्यातही समोरून दार असलेली, स्वतः पाणी तापवून कपडे धुणारी स्वयंचलित यंत्रे अनेकांना सोयीची वाटतात. तेलकट डाग, तान्ह्या मुलांची दुपटी किंवा आजारी माणसाच्या चादरी यांसाठी गरम पाण्याची ही सोय मोलाची ठरते.

हेच यंत्र एखाद्या दिवशी काम अर्धवट टाकून थांबते. आत साबणाच्या पाण्यात भिजलेले कपडे, दार बंद, आणि दर्शनी पट्टीवर एखादे अनोळखी अक्षर किंवा अंक लुकलुकत असतो. माहितीपुस्तिका उघडून पाहिली, तर त्या चिन्हापुढे ‘तपमान संवेदकातील दोष’ असा अर्थ दिलेला आढळतो. अशा वेळी पुष्कळदा कोणतीही तपासणी न करता संवेदक बदलला जातो. तेवढ्याने भागले नाही, तर यंत्राचा नियंत्रक फलक, ज्याला कारागीर ‘बोर्ड’ म्हणतात, तोही बदलला जातो. बोर्डाची किंमत संवेदकाच्या कित्येक पट असते. एवढा खर्च होऊनही मूळ दोष जर एखाद्या तुटलेल्या तारेत असेल, तर चार दिवसांनी तेच चिन्ह पुन्हा उमटते.

वस्तुतः ते चिन्ह एकट्या संवेदकाविषयी काही सांगत नसते. संवेदक, त्याच्या तारा, जोडण्या आणि बोर्डाचा संबंधित भाग मिळून जे विद्युत मंडल होते, त्यात कोठेतरी बिघाड आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. नेमका कोणता भाग बिघडला, हे मोजमाप केल्यावाचून कळत नाही. असे मोजमाप फारसे अवघड नाही. शाळेत शिकलेला ओहमचा नियम, एक साधा मल्टिमीटर आणि तपासणीचा ठरावीक क्रम एवढ्या भांडवलावर ते करता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना, दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या तरुणांना आणि दुरुस्तीचे देयक भरणाऱ्या ग्राहकांनाही उपयोगी पडावी, या हेतूने ही माहिती येथे दिली आहे.

थर्मिस्टरचे कार्य

धुलाई यंत्रात पाण्याचे तपमान मोजण्यासाठी जो संवेदक वापरतात, त्याला थर्मिस्टर असे म्हणतात. तांबे, लोखंड यांसारख्या धातूंचे तपमान वाढले की त्यांचा विद्युत रोध वाढतो. या थर्मिस्टरचे वागणे याच्या उलट असते. तपमान वाढले की त्याचा रोध झपाट्याने कमी होतो. पदार्थाचा हा उलटा गुणधर्म मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइड या संयुगाचा अभ्यास करताना नोंदविला होता. आजचे थर्मिस्टर मँगेनीज, निकेल, कोबाल्ट यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडांची भुकटी दाबून व भाजून तयार करतात. धुलाई यंत्रात असा एक लहानसा मणी पोलादी नळीत बसवून ती नळी बाहेरच्या टबाच्या तळाशी, बहुधा हीटरच्या शेजारीच, रबरी बुचातून पाण्यात सोडलेली असते. नळीच्या मागच्या टोकाला दोन तारांची जोडणी असते.

थर्मिस्टरचा रोध तपमानाप्रमाणे किती बदलतो, याची कल्पना पुढील कोष्टकावरून येईल. २५ अंश सेल्सिअसला १०,००० ओहम रोध असणाऱ्या, बाजारात सहज मिळणाऱ्या एका प्रकारच्या थर्मिस्टरचे हे स्थूल आकडे आहेत.

२० अंश : सुमारे १२,५०० ओहम
२५ अंश : १०,००० ओहम
३० अंश : सुमारे ८,००० ओहम
४० अंश : सुमारे ५,३०० ओहम
६० अंश : सुमारे २,५०० ओहम
९० अंश : सुमारे ९३० ओहम

हे आकडे केवळ तत्त्व समजण्यासाठी आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. निरनिराळे उत्पादक निरनिराळ्या रोधाचे थर्मिस्टर वापरतात. त्यामुळे एका यंत्राचे आकडे दुसऱ्याला लावणे चुकीचे ठरते. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी त्या त्या यंत्राच्या तांत्रिक पत्रकातील आकडेच प्रमाण मानावेत.

यंत्राला दोष कसा कळतो?

बोर्डाला अंश समजत नाहीत. त्याला समजतो तो विद्युत दाब. म्हणून बोर्डावर एक ठरावीक रोध आणि टबातील थर्मिस्टर एकापुढे एक जोडून त्या जोडीला ५ व्होल्टसारखा लहान दाब दिलेला असतो. हा दाब दोघांमध्ये रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. ठरावीक रोध १०,००० ओहम धरला, तर २५ अंशांना थर्मिस्टरच्या वाट्याला २.५ व्होल्ट येतात, ४० अंशांना सुमारे १.७ व्होल्ट येतात आणि ६० अंशांना १ व्होल्ट येतो. या दाबावरून बोर्डावरील सूक्ष्म संगणक पाण्याचे तपमान ठरवितो आणि त्यानुसार हीटर चालू किंवा बंद करतो.

आता तार तुटली असे समजू. मंडल खुले झाल्यामुळे रोध अमर्याद होतो आणि पूर्ण ५ व्होल्ट दिसू लागतात. बोर्डाच्या हिशेबाने पाणी बर्फाहूनही थंड झाले, असा याचा अर्थ होतो. बोर्डाने यावर विश्वास ठेवला, तर हीटर थांबणारच नाही. याउलट दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर दाब शून्यावर येतो आणि पाणी उकळत्या पाण्याहूनही गरम असल्याचा भास होतो. ही दोन्ही टोके प्रत्यक्षात असंभवनीय असल्यामुळे बोर्ड ती दोष म्हणून नोंदवितो व काम थांबवितो. यंत्राचे हे थांबणे आपल्या सुरक्षिततेसाठीच योजलेले असते. काही यंत्रे आणखी एक गोष्ट पाहतात. हीटर चालू करून ठरावीक काळ लोटला तरी तपमान वाढत नसेल, तर तेही दोष दाखवितात. तथापि, या दुसऱ्या प्रकारात संवेदक निर्दोष असून हीटर बंद पडलेला असण्याचाही पुष्कळ संभव असतो.

न दिसणारा दोष अधिक घातक

तार पूर्ण तुटली तर यंत्र निदान थांबते तरी. अर्धवट बिघाड मात्र यंत्राला ओळखता येत नाही, म्हणून तो अधिक काळजीचा आहे. जोडणीच्या पिनांवर ओलाव्यामुळे गंज चढला, की थर्मिस्टरच्या रोधात गंजाचा रोध मिळविला जातो. वरील कोष्टकातील थर्मिस्टरच्या जोडणीत असा १,००० ओहमचा जादा रोध आला, असे उदाहरण घेऊ. आपण ६० अंश तपमान निवडले आहे. बोर्ड एकूण २,५०० ओहम रोध होण्याची वाट पाहतो. त्यांतील १,००० ओहम गंजाचे असल्यामुळे थर्मिस्टरला १,५०० ओहमपर्यंत खाली यावे लागते, आणि ते घडते सुमारे ७५ अंशांना. दर्शनी पट्टीवर ६० चा आकडा आणि आत ७५ अंशांचे पाणी अशी स्थिती होते. कपड्यांचे रंग उतरतात, लोकरी व कृत्रिम धाग्यांची वस्त्रे आक्रसतात, रबरी भाग लवकर निकामी होतात आणि चुकून कोणी त्या पाण्यात हात घातला तर भाजण्याचा धोका राहतो.

जोडणीत साबणाचे पाणी शिरले, तर याच्या उलट घडते. दोन पिनांमधून थोडा प्रवाह परस्पर वाहू लागतो, एकूण रोध कमी भासतो, आणि पाणी कोमट असतानाच हीटर बंद होतो. दोषाचे कोणतेही चिन्ह उमटत नाही. मात्र कपडे स्वच्छ निघत नाहीत आणि दोष साबणाच्या चुऱ्यावर ढकलला जातो.

तपासणीपूर्वीची दक्षता

धुलाई यंत्रात पाणी व वीज एकत्र नांदतात. त्यामुळे तपासणीच्या आधीची दक्षता तपासणीइतकीच महत्त्वाची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्राचे बटन बंद करून भागत नाही; प्लग सॉकेटमधून बाहेर काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवावा. प्लग काढल्यानंतरही बोर्डावरील धारित्रांत, म्हणजे कपॅसिटरमध्ये, काही काळ विद्युतभार शिल्लक राहतो. म्हणून निदान दहा मिनिटे थांबून मगच झाकण उघडावे. कार्यक्रम मध्येच थांबला असेल, तर आतील पाणी गरम असू शकते; ते निवू द्यावे आणि खालच्या गाळणीच्या मार्गाने काढून टाकावे. नळाची तोटी बंद करावी. तोल सांभाळण्यासाठी समोरून दार असलेल्या यंत्रांत काँक्रीटची किंवा लोखंडाची जड वजने बसविलेली असतात. म्हणून यंत्र एकट्याने कलते करू नये. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हेही विसरू नये.

यंत्राचे अर्थिंग योग्य आहे की नाही, याची खात्री याच वेळी करून घ्यावी. २,००० वॉटचा हीटर २३० व्होल्ट दाबावर जवळजवळ ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्यासाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट आणि पुरेशा जाडीची तार लागते. गळती प्रवाह ३० मिलिअँपिअरवर गेला की वीज तोडणारे साधन घराच्या मुख्य फलकावर बसविलेले असावे. अर्थिंगची तार पाण्याच्या नळाला गुंडाळण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. ती धोक्याची आहे. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर ते स्वतः न उघडता अधिकृत सेवा केंद्राला कळवावे.

ज्यांना विजेच्या कामाचा अनुभव नाही, त्यांनी बाह्य निरीक्षणापुढे जाऊ नये. पुढील क्रम समजून घेतला, म्हणजे कारागीर काय करीत आहे व का करीत आहे, हे त्यांना कळू शकेल.

तपासणीचा क्रम

(१) निरीक्षण व नोंद : चिन्ह केव्हा उमटते, हे प्रथम पाहावे. यंत्र सुरू करताच चिन्ह येत असेल, तर तार तुटणे किंवा दोन तारा चिकटणे यांचा संशय घ्यावा. पाणी भरून अर्धा तास गेल्यावर येत असेल, तर हीटरकडे लक्ष द्यावे. टब जोराने फिरू लागल्यावर येत असेल, तर सैल जोडणी किंवा आतून तुटलेली तार संभवते. थंड पाण्याचा कार्यक्रम सुरळीत चालतो काय, हेही पाहावे.

(२) विजेचा दाब : हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १९० व्होल्ट मिळाले, तर २,००० वॉटचा हीटर केवळ सुमारे १,३६५ वॉट शक्ती देतो. १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे २,२०० किलोज्यूल उष्णता लागते. पूर्ण दाबावर, उष्णतेचा अपव्यय सोडून, या कामाला १८ मिनिटे पुरतात. १९० व्होल्टवर मात्र २७ मिनिटे लागतात. ज्या भागात सायंकाळी दाब उतरतो, तेथे केवळ या विलंबामुळे यंत्र दोष दाखवू शकते. सकाळी चालणारे यंत्र सायंकाळी अडत असेल, तर आधी दाब मोजावा. हे मोजमाप चालू विजेवर करावयाचे असल्याने ते जाणकारानेच करावे. त्यानंतरची बहुतेक सर्व मोजमापे प्लग काढूनच करावयाची आहेत. जेथे अपवाद आहे, तेथे तसे सांगितले आहे.

(३) बोर्डाकडील टोकापासून रोध मोजणे : संवेदकाच्या दोन तारा बोर्डावर ज्या जोडणीत येतात, ती जोडणी बोर्डापासून अलग करावी आणि त्या दोन तारांमधील रोध मोजावा. मल्टिमीटर २० किलोओहमच्या किंवा संवेदकाला योग्य अशा पट्ट्यावर ठेवावा. मोजताना दोन्ही अग्रांच्या धातूला बोटे लावू नयेत, अन्यथा शरीराचा रोध त्यात मिसळून आकडा कमी येतो. येणारा आकडा त्या दिवसाच्या तपमानाशी जुळला, तर संवेदक व तारा या दोन्ही सकृद्दर्शनी ठीक आहेत, असे समजावे. या एकाच मोजमापाने अर्धे मंडल तपासून होते.

(४) संवेदकापाशी रोध मोजणे : वरील आकडा अमर्याद किंवा शून्याजवळ आला, तर संवेदकापाशी जाऊन तेथील जोडणी काढावी आणि थेट संवेदकाचा रोध मोजावा. येथे आकडा योग्य आला आणि बोर्डाच्या टोकाला चुकीचा आला, तर दोष निःसंशय मधल्या तारेत आहे. येथेही चुकीचाच आला, तर दोष संवेदकात आहे.

(५) तारांची तपासणी : प्रत्येक तारेचा रोध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावा; तो एका ओहमहून अधिक असू नये. मोजत असतानाच तार हळूहळू हलवावी. टब स्प्रिंगांवर टांगलेला असून प्रत्येक धुण्यात तो असंख्य हेलकावे खातो. त्यामुळे टबाकडे जाणारी तार वाकण्याच्या जागी आवरणाच्या आत तुटते, बाहेरून मात्र अखंड दिसते. यंत्राचा तळ पुष्कळदा उघडा असतो. तेथून शिरणारे उंदीर तारा कुरतडतात, हेही आपल्याकडील नेहमीचे कारण आहे. तारा व यंत्राचा पत्रा यांच्यात संपर्क नाही ना, हेही पाहून घ्यावे.

(६) संवेदकाची गरम पाण्यातील परीक्षा : खोलीच्या तपमानाला योग्य आकडा देणारा संवेदक गरम पाण्यात चुकू शकतो. त्यासाठी तो बाहेर काढून त्याची केवळ पोलादी नळी पेल्यातील पाण्यात बुडवावी; मागची जोडणी कोरडी ठेवावी. पाण्यात तापमापक ठेवून सुमारे ३०, ४० आणि ६० अंशांना रोध मोजावा. प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत दोन मिनिटे थांबावे. रोध एकसारखा उतरत गेला व पत्रकाशी जुळला, तर संवेदक निर्दोष आहे. आकडा मध्येच उडी घेत असेल किंवा जागचा हलत नसेल, तर संवेदक बदलावा.

(७) हीटर व रिले : संवेदक आणि तारा निर्दोष ठरल्या, तर हीटरच्या दोन्ही तारा सोडवून त्याचा रोध मोजावा. २,००० वॉटच्या हीटरचा रोध २६ ओहमच्या आसपास, तर १,८०० वॉटच्या हीटरचा २९ ओहमच्या आसपास असतो. अमर्याद रोध आला, तर हीटरची तार किंवा त्याच्या आतील उष्णता-फ्यूज तुटला आहे. हीटरच्या अग्रापासून त्याच्या बाह्य आवरणापर्यंतचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजावा. तो एक मेगोहमहून कमी असेल, तर तो हीटर वापरू नये. बोर्डावरील हीटरच्या रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटले असतील, तर बोर्डाने आज्ञा देऊनही हीटर बंद होत नाही. वीज तोडलेली असताना ते संपर्क खुले असावयास हवेत.

(८) बोर्डाचा संशय सर्वांत शेवटी : वरील सर्व भाग ठीक असतील, तेव्हाच बोर्डाकडे वळावे. येथे प्रशिक्षित तंत्रज्ञाला एक सोपी कसोटी उपलब्ध आहे. ३० अंशांना संवेदकाचा जेवढा रोध असावयास हवा, तेवढ्या मूल्याचा साधा रोधक संवेदकाच्या जागी बोर्डाला जोडावा आणि यंत्र चालू करावे. यंत्र सुरू करताच उमटणारे चिन्ह आता उमटले नाही, तर बोर्ड ठीक आहे. ही कसोटी करताना हीटरच्या तारा आधी सोडवून त्यांची टोके झाकलेली असलीच पाहिजेत. साधा रोधक कधीच ‘तापत’ नसल्यामुळे हीटर जोडलेला राहिला, तर तो चालूच राहील.

क्रमाचे महत्त्व : एक उदाहरण

समजा, एक यंत्र कधी ठीक चालते, तर कधी संवेदकाचे चिन्ह दाखवून थांबते. संवेदक एकदा बदलून झाला आहे. खोलीचे तपमान ३० अंश आहे आणि संवेदक वरील कोष्टकातील प्रकारचा आहे. बोर्डाच्या टोकाला ८,१०० ओहम रोध आला; म्हणजे तिसऱ्या पायरीवर सारे ठीक दिसले. घाईचा कारागीर येथेच बोर्डावर ठपका ठेवील. पण मोजमाप चालू ठेवून टब हाताने डावीउजवीकडे ढकलला असता आकडा क्षणभर नाहीसा होतो आणि पुन्हा येतो. संवेदकापाशी थेट मोजले, तर टब कितीही हलविला तरी ८,१०० हाच आकडा कायम राहतो. याचा अर्थ नवा संवेदक निर्दोष आहे, आणि जुनाही बहुधा निर्दोषच होता. दोष टबाजवळ वाकणाऱ्या तारेत आहे. तो तुकडा कापून, योग्य जाडीची तार डाग देऊन जोडावी, त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी आणि टबाच्या हालचालीला पुरेशी सैल राहील अशा रीतीने ती बांधावी. वीतभर तारेत काम भागते.

संवेदक बदलताना

संवेदक खरोखरच निकामी ठरला, तर त्याच नमुन्यासाठी सांगितलेला संवेदक आणावा. आकार व पिना जुळतात म्हणून दुसऱ्या रोधाचा संवेदक बसविला, तर यंत्र चालू लागेल, पण पाण्याचे तपमान प्रत्येक वेळी चुकेल. रबरी बुचाभोवती साचलेला मळ साफ करावा. बूच कडक झाले असेल, तर नवे घालावे. संवेदक पूर्ण आत बसला आहे, याची खात्री करावी. अर्धवट बसलेला संवेदक पाणी गळू देतो, आणि तेच पाणी पुढे हीटरच्या जोडणीवर पडते. यंत्र पूर्ण बंद केल्यानंतर प्रथम थंड पाण्याचा कार्यक्रम चालवून गळती पाहावी आणि मगच गरम पाण्याची परीक्षा घ्यावी.

जड पाणी व देखभाल

कूपनलिकेचे व विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. असे पाणी तापविले, की त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर हीटरवर व संवेदकाच्या नळीवर बसतो. हीटरची उष्णता पाण्यात लवकर न उतरल्याने तो स्वतः अधिक तापतो व त्याचे आयुष्य घटते. संवेदकाला पाण्याचे तपमान उशिरा कळते, म्हणून पाणी ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाते. यावर उपाय म्हणजे माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात सायट्रिक ॲसिड किंवा उत्पादकाने सुचविलेले द्रव्य घालून, कपडे न टाकता, गरम पाण्याचा कार्यक्रम अधूनमधून चालविणे. या वेळी ब्लीचिंगचे कोणतेही द्रव्य यंत्रात असू नये. आम्ल व ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. यंत्र ओल्या भिंतीपासून थोडे दूर ठेवणे आणि तळाच्या उघड्या भागाला उत्पादकाने सांगितलेली जाळी बसविणे, हे उपायही उपयुक्त ठरतात. मात्र हवा खेळती राहण्याच्या जागा झाकू नयेत.

ग्राहकाचे हक्क, कारागिराचे कर्तव्य

दुरुस्ती ही सेवा आहे आणि सेवेतील उणिवेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क ग्राहकाला कायद्याने दिला आहे. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. तक्रारीसंबंधी मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहकाने दुरुस्तीच्या वेळी तीन गोष्टींचा आग्रह धरावा : कोणते मोजमाप केले व कोणता आकडा आला, याची देयकावर नोंद, बदललेला जुना भाग पाहावयास मिळणे, आणि नव्या भागाची हमी. बोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला, तर ‘संवेदकाचा रोध किती आला?’ एवढा एक प्रश्न विचारावा. ज्याने मोजले आहे, त्याला उत्तर देण्यास वेळ लागत नाही. निकामी झालेले बोर्ड कचराकुंडीत टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत धुलाई यंत्रेही येतात. असे भाग अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावेत.

कारागिराच्या दृष्टीनेही मोजून काम करणे हिताचे आहे. कुशल कारागीर घडविण्याची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० मध्ये सुरू झाली. आज गावोगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री, तारतंत्री व इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी बाहेर पडत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत स्वतंत्र व्यवसाय करता येईल. या व्यवसायाचे खरे भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास होय, आणि नको असलेला भाग न बदलणाऱ्या माणसाकडेच लोक पुन्हा येतात.

या विद्यार्थ्यांना एक छोटा प्रयोग सुचवावासा वाटतो. एक थर्मिस्टर, एक तापमापक, मल्टिमीटर आणि गरम पाण्याचे भांडे घ्यावे. पाणी निवत असताना दर पाच अंशांना रोध मोजून वहीत लिहावा आणि आलेखपत्रावर त्याची वक्ररेषा काढावी. ती रेषा सरळ येत नाही, हे स्वतः काढल्यावर जसे ध्यानात राहते, तसे केवळ वाचून राहत नाही. हातातल्या यंत्राचा संवेदक नव्या प्रकारचा निघाला आणि तांत्रिक पत्रक मिळाले नाही, तर निर्दोष संवेदकाची अशीच वक्ररेषा काढून ठेवावी. पुढच्या प्रत्येक तपासणीत ती उपयोगी पडेल.